सिव्हिल की प्लॅनिंग? राळेगाव तालुक्यातल्या एका मुलीच्या प्रश्नाला उत्तर

तुझा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. बारावी सायन्स, गणित घेतलेलं. गाव राळेगाव तालुक्यात, घरी कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन. तुला नगर नियोजनाची पदवी घ्यायची आहे. मामा ठेकेदारीत आहेत, त्यांचं म्हणणं सिव्हिल कर, उपाशी मरणार नाहीस. बाबा विचारतात की एवढं शिकून आपल्याकडे काम मिळणार आहे का. आणि अगदी शेवटी, जरा लाजतच, तू विचारलंयस की चित्रकला कच्ची असली तर चालेल का. ताई म्हणून लिहिलंस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते.

मी स्वतः सिव्हिल करून मग नगर नियोजनात मास्टर्स केलं. काही वर्षं एका सल्लागार कंपनीत विकास योजनांची, म्हणजे गावा-शहरातली जमीन पुढे कशाकशाला वापरायची हे ठरवणाऱ्या आराखड्यांची, कामं केली, आता अमरावतीत लहानसं ऑफिस आहे. त्यामुळे मामांची बाजूही मला कळते आणि तुझीही.

‘सिव्हिल की प्लॅनिंग’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. या धंद्यात शिरायला दारं बरीच आहेत आणि सिव्हिल हे त्यातलंच एक. आधी बघायचं ते हे, की या कामात रोज काय करावं लागतं ते तुला झेपेल आणि आवडेल का. दुसरं, घरची आर्थिक बाजू कोणत्या रस्त्याला किती साथ देईल. यातलं पहिलं मी सांगू शकते. दुसऱ्याचा हिशोब तुम्हीच घरी बसून करायचा आहे, त्याला लागणारी माहिती पुढे देते.

बाहेरून लोकांना वाटतं, प्लॅनर म्हणजे कॉम्प्युटरवर सुंदर शहरं काढणारा माणूस. आपल्या भागात काम सुरू होतं ते रस्त्यावरून पायी फिरण्यापासून. २०१४-१५ च्या सुमारास राज्यात तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. तुमचं राळेगाव त्यातलंच, तसंच मारेगाव, बाभूळगाव, तिवसा, समुद्रपूर. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की ती कायद्याने नियोजन प्राधिकरण होते आणि तिला विकास योजना करावी लागते. कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. हे नाव तुझ्या आयुष्यात आता कायमचं येणार आहे.

योजनेचं पहिलं मोठं काम म्हणजे आज कोणती जमीन कशासाठी वापरात आहे, याचा नकाशा. प्रत्येक घर, दुकान, वखार, रिकामा प्लॉट बघायचा आणि नकाशात रंग भरायचा. राहण्याला पिवळा, व्यापाराला निळा, उद्योगाला जांभळा. ऐकायला सोपं वाटतं. आता तालुक्याच्या मेन रोडवरची एखादी इमारत घे. पुढे किराणा आणि कृषी केंद्र, मागे गोठा, मधल्या खोलीत सोयाबीनच्या कट्ट्यांची थप्पी, वरच्या मजल्यावर कुटुंब राहतं आणि गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये दहावीची शिकवणी चालते. कोणता रंग भरशील? पिवळा भरलास तर कागदावरून दुकान गेलं, निळा भरलास तर घर गेलं. आणि पुढे त्या रस्त्याची रुंदी, नाली, बाजाराची जागा, ट्रॅक्टर कुठे उभे राहतील, हे सगळं ठरवताना टेबलावर हाच नकाशा असतो. पुण्या-मुंबईहून आलेली पोरं अशा ठिकाणी ‘मिश्र वापर’ लिहून पुढे जातात. नियमाने ते चुकीचं नाही. पण कापसाच्या हंगामात त्या दुकानासमोर काय होतं हे ज्याला माहीत आहे, तो शेरा लिहितो, मालकाशी बोलतो, संध्याकाळी पुन्हा चक्कर मारतो.

दुसरा मोठा भाग सुनावणीचा. प्रारूप योजना तयार झाली की ती कलम २६ खाली प्रसिद्ध होते आणि लोकांना हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. मग नियोजन समिती एकेकाला बोलावून ऐकते. हे ३० दिवस ऐन पेरणीत आले तर काय होतं ते तुला सांगायची गरज नाही. वर्तमानपत्रातली जाहिरात वावरात कोण वाचणार? माझ्या मते आपल्याकडे प्रारूप योजना मृगात प्रसिद्ध करणं म्हणजे लोकांनी येऊ नये याची सोय करणं. तारीख माझ्या हातात नसते, पण सल्ला विचारला की मी दरवेळी दिवाळीनंतरचं सुचवते.

अशाच एका सुनावणीत एक म्हातारे शेतकरी आले. सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. समितीसमोर उभे राहून म्हणाले, “बाई, माह्या वावरात हे हिरवं कायले केलं?” हिरवं म्हणजे खेळाच्या मैदानाचं आरक्षण, ती जमीन योजनेत मैदानासाठी राखून ठेवलेली. नकाशा उत्तर वर ठेवून मांडला होता, त्यांना काही लागेना. त्यांनी तो कागद सरळ हाताने फिरवला, नाला आपल्या बाजूला येईपर्यंत, आणि मग एका जागी बोट टेकवून विचारलं, “माही विहीर कुठं हाये यात?” विहीर सर्वेक्षणानंतर खोदलेली, त्यामुळे नकाशात नव्हतीच, आणि ती बरोबर आरक्षणाच्या आत येत होती. आरक्षणाची हद्द धुऱ्याला धरून सरकवावी, विहीर बाहेर ठेवावी, अशी शिफारस समितीने केली.

म्हणजे आरक्षण उठलं असं समजू नकोस. मैदान राहिलं, त्यांची थोडी जमीन त्यात राहिलीच. त्या गावात शाळेच्या पटांगणाखेरीज पोरांना खेळायला वीतभर जागा नव्हती. कुणाचीच जमीन न घेणारी योजना काढता येते, फक्त तिच्यात मैदान नसतं, दवाखान्याला जागा नसते आणि रस्ता मध्येच कुणाच्या तरी भिंतीला जाऊन थांबतो. कुणाची जमीन घ्यायची, का घ्यायची आणि त्याच्या तोंडावर ते कसं सांगायचं, हे या पेशाचं रोजचं काम आहे. दबावही येतो. ज्याची ओळख मोठी त्याच्या शेतावरचं आरक्षण शेजारच्या विधवेच्या तुकड्यावर सरकावं म्हणून फोन येतात. अशा वेळी तुझ्या बाजूने दोनच गोष्टी असतात, नोंदवलेलं सर्वेक्षण आणि लिहिलेलं कारण. दोन्ही चोख असले तर बदल करणाऱ्याला निदान आपल्या सहीने करावा लागतो.

हे वाचून तुझ्या पोटात गोळा आला असेल तर सिव्हिल कर आणि बांधकामात जा. तेही चांगलं काम आहे आणि मामांची मदत होईल. पण ‘मग पुढे त्या शेतकऱ्याचं काय झालं?’ असं मनात आलं असेल तर पुढचं वाच.

आता रस्ते. पहिला, थेट पदवीचा. बॅचलर ऑफ प्लॅनिंग, चार वर्षं. केंद्रीय संस्थांसाठी जेईई मेनचा पेपर २बी द्यावा लागतो. त्यात गणित, अभियोग्यता आणि नियोजनाशी संबंधित प्रश्न असतात. फिजिक्स-केमिस्ट्री नाही. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हे आपल्याकडच्या कितीतरी मुलांना माहीतच नसतं. त्या गुणांवर दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये आणि भोपाळच्या एनआयटीत, म्हणजे मॅनिटमध्ये, प्रवेश होतात. राज्यात पुण्याच्या सीओईपीत, म्हणजे तिथल्या जुन्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात, नियोजनाची पदवी आहे. तिथल्या प्रवेशाचे नियम मधल्या काळात बदलत आलेत, म्हणून त्या वर्षीची सीईटी सेलची माहितीपत्रिकाच प्रमाण मान, कुणाच्या आठवणीवर जाऊ नकोस. माझ्यासुद्धा.

दुसरा रस्ता मी घेतला तो: आधी सिव्हिल किंवा आर्किटेक्चर, मग दोन वर्षांचं पदव्युत्तर. नागपूरच्या व्हीएनआयटीत वास्तुकला आणि नियोजन विभाग आहे, तिथे नगर नियोजनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. त्यासाठी गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा द्यावी लागते. गेटमधून प्रवेश मिळालेल्यांना महिन्याला १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती असते, घरून पैसे मागवताना जीव तुटतो त्या वयात ही रक्कम मोठी वाटते. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र घेऊन एमए झालेल्यांनाही काही संस्था पदव्युत्तर नियोजनाला घेतात, म्हणजे आर्ट्सच्या मैत्रिणींनाही सांग.

तिसरा रस्ता इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया या १९५१ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या परीक्षेचा. नोकरी करता करता ती देऊन सहयोगी सदस्य होता येतं. पण अठराव्या वर्षी हा विचार नको, तो आधीपासून या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी आहे.

आता पैशाचं. जुलै २०२४ पासून राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलंय. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्ग हवा आणि प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. इतर प्रवर्गांना आधीपासूनच्या शिष्यवृत्त्या आहेत. म्हणजे अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकीत सिव्हिल घेतलंस तर खर्च मुख्यतः राहण्या-जेवणाचा. पुण्याला राहणं महाग, ते वेगळं धर. दिल्ली-भोपाळला राज्याची ही माफी लागू नाही, तिथे केंद्राच्या शिष्यवृत्त्या शोधाव्या लागतात. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर यातलं जे लागू असेल ते आत्ताच काढायला टाक. जूनमध्ये सेतू केंद्रावर काय झुंबड उडते ते तुला माहीत आहेच.

माझं मत विचारशील तर असं: दिल्ली, भोपाळ, विजयवाडा किंवा सीओईपी यापैकी कुठे नंबर लागला आणि मन पक्कं असेल तर थेट प्लॅनिंग कर. नाही लागला, तर लाखोंची फी भरून कुठल्यातरी खासगी विद्यापीठात प्लॅनिंग करण्यापेक्षा शासकीय कॉलेजात सिव्हिल कर आणि मग व्हीएनआयटीसारख्या ठिकाणी मास्टर्स. वाटेत मन बदललं तरी हातात सिव्हिलची पदवी असते, आणि मामाही खूश.

थेट पदवीचा फायदा कशात आहे, तर स्टुडिओत. चार वर्षं तुला एक वस्ती, एक गाव, एक शहराचा भाग, मग अख्खा प्रदेश अशी मोठी होत जाणारी कामं देतात. सोबत सांख्यिकी, अर्थशास्त्र, वाहतूक, घरबांधणी, कायदा आणि जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशा आणि माहिती जोडून काम करणं. सिव्हिलवाल्यांना हे सगळं दोन वर्षांत गिळावं लागतं, मला लागलं. सिव्हिलचा फायदा असा की नाल्याचा उतार आणि पाण्याच्या टाकीची उंची समजते, त्यामुळे कागदावरची वस्ती प्रत्यक्षात पाण्याखाली जात नाही.

नोकरीचं मी रंगवून सांगणार नाही. नीती आयोगाने २०२१ मध्ये नियोजन क्षमतेवर अहवाल दिला. त्यात देशात १२ हजारांच्या आसपास नगर नियोजकांची गरज सांगितली होती. राज्यांच्या विभागांमध्ये मंजूर पदं चार हजारांच्याही आत आणि त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त रिकामी. गरज आहे याचा अर्थ भरती निघते असा होत नाही, एमपीएससीच्या पोरांना विचार. दुसरं, आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याचं आणि कौन्सिलच्या नोंदणीचं संरक्षण आहे, प्लॅनरला तसा कायदाच नाही. त्यामुळे तुझी बरीच जागा इतर पदव्यांची माणसंही मागतात. मामांच्या सल्ल्यात तथ्य आहे ते इथे.

आपल्या राज्यात नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभाग आहे, मुख्यालय पुण्याला, कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यात. सहायक नगररचनाकाराची पदं एमपीएससीतून भरली जातात आणि त्यासाठी सिव्हिल, आर्किटेक्चर, नियोजन अशा पदव्या चालत आल्या आहेत. त्याखालच्या रचना सहायक पदाला डिप्लोमावालेही बसतात. जाहिरात कधी येईल याचा नेम नाही, म्हणून फक्त तिच्यावर आयुष्य टांगून ठेवू नये. खासगीत सल्लागार कंपन्या, जीआयएसची कामं, वाहतूक आणि पाणीपुरवठ्याचे प्रकल्प अहवाल, बिल्डरांची ऑफिसं. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, तिथल्या प्रकल्पांवर नकाशाचं काम येणाऱ्यांना हात बसवायला मिळतो.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दोन भागांत आहे. सुरुवातीची काही वर्षं तुला बहुधा नागपूर, पुणे किंवा त्याहून लांब राहावं लागेल, कारण योजनांची मोठी कामं निविदेतून तिथल्या कंपन्यांना जातात. माझ्यासारख्या अमरावतीतल्या लहान ऑफिसचा संसार अजूनही बराचसा लेआउट मंजुरी आणि बांधकाम परवानगीवर चालतो.

पण काम जमिनीवर आहे ते आपल्याकडेच. समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाण्यातून गेलाय, त्याच्या कडेला नवनगरं आखली आहेत. नागपूरभोवतीची शेकडो गावं एनएमआरडीएच्या, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हद्दीत आली, तिथे शेतात पाडलेल्या प्लॉटचा गुंता आहे. गावोगावी गावठाण कमी पडतंय आणि लोक शिवारात घरं बांधतायत. झुडपी जंगलाचा प्रश्न तर फक्त विदर्भाचा: महसुली कागदावर ‘झुडपी’ लिहिलेल्या जमिनी वन म्हणूनच धरायच्या, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. त्यातल्या कित्येक जमिनींवर आधीच शाळा, स्मशानं, सरकारी इमारती उभ्या आहेत. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी वाटप झालेल्या जमिनींना एक नियम, नंतरच्यांना वेगळा. एखाद्या गावात नवा रस्ता किंवा घरकुलाची जागा सुचवायची तर आधी ही नोंद बघावी लागते. हे ज्याला कळतं असा माणूस दिल्लीहून आणावा लागू नये, एवढं मला वाटतं.

आणि तुला हे कळायला वेळ लागणार नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या शहरातल्या हुशार मुलांना सातबारा (एका गटाचा उतारा) आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) यांतला फरक समजावण्यात पहिले आठवडे जातात. पांदण म्हणजे काय ते सांगावं लागतं. गावनकाशात तुटक रेषांनी दाखवलेली ती वाट जागेवर दोन्हीकडच्या धुऱ्यांनी खाऊन टाकलेली असते, बैलबंडीही जात नाही. तरी योजनेत नवा रस्ता आखताना आम्ही ती आधी शोधतो, कारण तेवढ्या पट्ट्यासाठी कुणाची मालकीची जमीन घ्यावी लागत नाही. पांदणीवरून भावकीत डोकी फुटलेली तू पाहिली असशील. पुस्तकात हे एका ओळीत येतं.

निकालापर्यंत वेळ आहे तर एक कर. तुमच्या गावाचा नकाशा भूमी अभिलेखच्या महाभूनकाशावर उघड, तुमचा गट नंबर शोध, आणि बाबांना सोबत घेऊन त्या नकाशातली एक पांदण टोकापासून टोकापर्यंत चाल. कुठे अडते, कुणी अडवली, पावसात तिथून शाळेची पोरं कशी जातात, वहीत लिही. जमलं तर क्यूजीआयएस हे फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन ती रेघ सॅटेलाइटच्या चित्रावर काढ. राळेगावला गेलीस की नगरपंचायतीत विकास योजनेचा नकाशा बघायला माग. सार्वजनिक कागद आहे, दाखवायला हवा. टाळाटाळ केली तर तेही शिक्षणच समज. एवढं करताना कंटाळा आला तर मला कळव, आपण सिव्हिलचं बोलू.

चित्रकलेचं राहिलं. चित्र काढायचा भाग आर्किटेक्चरच्या पेपर २अ मध्ये असतो, तुझ्या २बी मध्ये नाही. फॉर्म भरताना २बी वेगळा निवडावा लागतो, नुसता इंजिनिअरिंगचा पेपर १ भरून मोकळी होऊ नकोस. पहिल्या वर्षी हाताने ड्रॉइंग करावं लागतं, ते सरावाने येतं. माझं अजूनही झाड म्हणून काढलेलं फुलकोबीसारखं दिसतं, पण त्यावरून कुणाचं काम अडलेलं नाही.